बास्टनेसाइट: मधाळ रंगाचा जड दगड ओळखायचा कसा, आणि तो सापडतो कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्याने जर्मनीतल्या एका खनिज प्रदर्शनातून मधाळ तपकिरी रंगाचा, १८.६ ग्रॅम वजनाचा स्फटिक आणला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘बास्टनेसाइट, झागी माउंटन, पेशावर’ एवढेच आहे. तो खरा आहे का? आपल्या नाशिक-जळगावकडच्या दगडांत असे काही मिळेल का? आणि ‘रेअर अर्थ’ (सेरियम, लँथॅनम अशी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये) म्हणजे किरणोत्सर्गी असे कुणीतरी सांगितल्यापासून तो घरात कुठे ठेवावा, हा घोर लागला आहे.

फोटो पाहिला. फोटोवरून मी खनिजाचे नाव सांगत नाही, याचा राग मानू नका. दगडांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझी तीसेक वर्षे गेली, आणि त्या काळात रंगाने मला जितके फसवले तितके दुसऱ्या कशानेच नाही. मधाचा रंग कॅल्साइटला येतो, बॅराइटला येतो, स्फॅलेराइटला आणि टायटनाइटलाही येतो. बास्टनेसाइट हातात घेतल्यावर पहिली जाणीव होते ती वजनाची. एवढासा खडा आणि एवढा जड, असे वाटून माणूस तो पुन्हा एकदा तळहातावर तोलून पाहतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड तो आकडा, ५ च्या आसपास असते. कॅल्साइटचे असते २.७१.

म्हणून आधी घरीच एक प्रयोग करा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हल्ली दोन-चारशे रुपयांत मिळतो. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. मग स्फटिकाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. १८.६ ला त्या आकड्याने भागा, विशिष्ट गुरुत्व मिळेल. तुमचा दगड बास्टनेसाइट असेल तर काटा ३.७ ते ३.८ दाखवेल. कॅल्साइट असेल तर जवळजवळ ६.९ दाखवेल, म्हणजे फसवणूक तिथेच उघडी पडेल. बॅराइट असेल तर ४.१ च्या पुढेमागे. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी ओल्या कुंचल्याने काढून टाका, नाहीतर उत्तर कमी येते. आणि बुडाला क्वार्ट्झचा तुकडा चिकटलेला असेल तर सगळा हिशेबच बिघडतो, हेही लक्षात ठेवा.

आकडा ३.७ आला तरी लगेच पेढे वाटू नका. मोनाझाइट आणि झेनोटाइम याच वजनगटात बसतात, आणि झेनोटाइम तर झागीच्या त्याच डोंगरात सापडतो. पण ही दोन्ही फॉस्फेटे आहेत आणि त्यांची स्फटिकांची घडण वेगळी. बास्टनेसाइट षट्कोणी. झागीचा चांगला नमुना पाहिला तर जाडसर सहाकोनी चकती किंवा आखूड सहाकोनी खांब दिसतो, वरचे तोंड सपाट, बाजूंवर आडव्या रेषा. त्या सपाट तोंडाला समांतर तो सहज अलग होतो आणि तिथे चमक मोत्यासारखी दिसते. एरवी चमक काचेसारखी, फुटलेल्या भागावर थोडी तेलकट. कठिनता ४ ते ४.५, म्हणजे चाकूच्या पात्याने ओरखडा उठतो. काही हौशी लोक याला पैलू पाडून अंगठीत बसवायला निघतात. दिसतो सुंदर, पण वर्षभरात कडा झिजून जातील. तो डबीतच शोभतो.

आता उजेडाची खूण, जी मला सगळ्यात आवडते. या खनिजात सेरियम आणि लँथॅनम मुख्य, पण त्यांच्या सोबतीला निओडिमियम असतोच. निओडिमियम पिवळ्या प्रकाशातला एक ठरावीक पट्टा, ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळून टाकतो. काच फुंकणारे कारागीर जो जांभळट चष्मा घालतात त्यातही हेच असते, सोडियमच्या ज्योतीचा पिवळा झगझगाट त्यामुळे कापला जातो. तुमचा स्फटिक निदान कडेला तरी पारदर्शक असेल, तर जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड त्यातून जाऊ द्या आणि पलीकडून सीडीच्या तुकड्यावर पडलेला वर्णपट पाहा. पिवळ्यात काळी रेघ दिसली, म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये त्यात आहेत. हाच दगड उन्हात, पिवळ्या बल्बखाली आणि सीएफएलखाली धरला तर रंगाची छटा बदललेली दिसते, तेही त्याच कारणाने. सीएफएलच्या आतला लाल रंग युरोपियममुळे येतो आणि युरोपियम कित्येक वर्षे बास्टनेसाइटमधूनच काढला जात होता. म्हणजे दगड आपल्याच भावकीच्या उजेडात रंग बदलतो. फक्त ही रेघ एकट्या बास्टनेसाइटची मक्तेदारी नाही. पिवळ्या अ‍ॅपेटाइटमध्येही ती दिसू शकते. पण अ‍ॅपेटाइटचे विशिष्ट गुरुत्व ३.२, त्यामुळे काटा आणि सीडी मिळून बराच निकाल लावतात.

आम्लाची परीक्षा तुम्ही करू नका, चांगला नमुना खराब होईल. पण ती कशी चकवते ते सांगतो, कारण मी स्वतः चकलो आहे. उमेदवारीच्या काळात एका तपकिरी तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फेस आला नाही, आणि मी वहीत ‘कार्बोनेट नाही’ असे ठामपणे लिहिले. साहेबांनी वही वाचली, काही न बोलता परीक्षानळी दिव्यावर धरली. आम्ल कोमट होताच बारीक बुडबुडे सुटू लागले. बास्टनेसाइट कार्बोनेटच आहे, पण कॅल्साइटसारखा उतावळा नाही. थंड आम्लात तो इतका हळू विरघळतो की पाहणाऱ्याचा धीर सुटतो.

त्याची घडण सांगायला सोपी आहे: एक सेरियम, एक कार्बोनेट, एक फ्लोरिन. सेरियमच्या जागी लँथॅनम, निओडिमियम, प्रेसिओडिमियम बसतात. जो सर्वांत जास्त त्याचे नाव पुढे जोडायचे, म्हणून बास्टनेसाइट-सेरियम, बास्टनेसाइट-लँथॅनम अशी नावे दिसतात. शुद्ध सेरियमचा धरला तर वजनाचा जवळपास ७५ टक्के भाग दुर्मीळ मृदा ऑक्साइडचा भरतो. स्फटिकात सेरियम-फ्लोरिनचा थर, मग कार्बोनेटचा थर, अशी रचना असते. या थरांत ठरावीक अंतराने कॅल्शियम कार्बोनेटचा थर शिरला की खनिज बदलते: पॅरिसाइट, राँटजेनाइट, सिंकिसाइट, चढत्या कॅल्शियमने. ही सगळी भावंडे एकाच स्फटिकात पट्ट्या-पट्ट्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात, साखरेच्या पाकात दोन रंगांची वडी थापावी तशी. झागीला पॅरिसाइटही सापडतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व ४.३५ च्या आसपास, म्हणजे काट्यावर बॅराइटच्या फार जवळ. तुमचे उत्तर ४.४ ते ४.८ असे अधेमधे आले तर दगड मिश्र असण्याची शक्यता मी आधी धरीन. तिथून पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा क्ष-किरण विवर्तन, दुसरा इलाज नाही. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरचे नाव बहुतेक वेळा नजरेच्या अंदाजाने दिलेले असते, हे त्या व्यवसायातले उघड गुपित आहे.

नाव स्वीडनचे. रिडारहिटनजवळची बास्टनेस ही जुनी खाण. तिथल्या एका विलक्षण जड दगडाकडे अठराव्या शतकाच्या मध्यापासून लोकांचे लक्ष होते. १८०३ मध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर या स्वीडिश शास्त्रज्ञांनी त्या दगडातून, म्हणजे सेराइटमधून, एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड वेगळे केले. जर्मनीत क्लाप्रोटने त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच केले. दोन वर्षांपूर्वी सेरेस हा लघुग्रह सापडला होता, म्हणून मूलद्रव्याचे नाव सेरियम. १८३९ मध्ये मोसांडरने याच सेरियममध्ये दडलेला लँथॅनम बाहेर काढला. बास्टनेसाइटचे वर्णन हिसिंगरने १८३८ मध्ये केले, आजचे नाव १८४१ मध्ये रूढ झाले. गंमत अशी की ज्या खाणीने नाव दिले ती या खनिजाचे खरे घर नव्हे. तिथे तो लोहखनिजासोबतच्या स्कार्न खडकात, म्हणजे उष्णतेने आणि गरम पाण्याने बदललेल्या चुनखडकात, थोडक्या प्रमाणात आहे.

खरे घर म्हणजे कार्बोनेटाइट. शिलारस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिलिकेटचा रस येतो, पण काही ठिकाणी भूकवचाखालून कार्बोनेटचाच रस वर आलेला असतो. दिसायला संगमरवर, जन्माने अग्निज. ज्या मूलद्रव्यांना नेहमीच्या खनिजांत जागा मिळत नाही ती शेवटपर्यंत या रसात साठत जातात: नायोबियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि दुर्मीळ मृदा. बास्टनेसाइट बहुधा अगदी शेवटच्या टप्प्यात तयार होतो. गरम, खारे पाणी क्लोराइडच्या किंवा सल्फेटच्या सोबतीने सेरियम वाहून आणते. फ्लोराइड आणि कार्बोनेट भेटले, आम्लता उतरली की सेरियम तिथेच बसतो. पूर्वी फ्लोरिन हाच वाहक समजला जाई. आता उलट मानतात, फ्लोरिन हा त्याला खाली उतरवणारा.

कॅलिफोर्नियातले माउंटन पास मात्र याला अपवाद. तिथे बास्टनेसाइट थेट रसातूनच स्फटिकला, असे तिथल्या कार्बोनेटाइटचे पोत सांगतात. वय सुमारे १४० कोटी वर्षे. १९४९ मध्ये गायगर काउंटर घेऊन युरेनियम शोधणाऱ्यांना ही जागा मिळाली. काउंटर वाजला तो थोरियममुळे. युरेनियम नव्हते, हाती आला हा तपकिरी दगड. धातुकात ७-८ टक्के दुर्मीळ मृदा ऑक्साइड, हे प्रमाण जगात फार थोड्या ठिकाणी आहे. साठच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणीच्या लाल ठिपक्यासाठी युरोपियम हवा झाला आणि खाणीचे दिवस पालटले. आश्चर्य याचे की त्या ऑक्साइडांत युरोपियम होता फक्त ०.१ टक्का. निम्मा भाग सेरियमचा, ज्याला तेव्हा फारसा भाव नव्हता. २००२ मध्ये खाण थांबली, पुढे चालवणारी कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि नंतर नव्या मालकांनी ती पुन्हा सुरू केली.

दगडातून माल काढणे हीच खरी डोकेदुखी. कॅल्साइट, बॅराइट आणि बास्टनेसाइट या तिघांचे पृष्ठभाग तेलकट रसायनांना जवळपास सारखाच प्रतिसाद देतात, त्यामुळे दळलेल्या दगडाच्या रबड्यात हवा फुंकून केलेल्या फेसावर एकालाच तरंगवून वेगळे काढणे कठीण. माउंटन पासला त्यासाठी दगडाच्या पिठाचा रबडा वाफेने तापवून घेत. मिळालेला ६० टक्के दुर्मीळ मृदा ऑक्साइडचा माल आम्लाने धुऊन त्यातला कॅल्साइट काढायचा, मग भाजणी. भाजणीत कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सेरियम हवेतला ऑक्सिजन घेऊन चतुःसंयुजी होतो. असा सेरियम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उतरायला तयार नसतो, बाकीचे उतरतात. निम्मा माल एका फटक्यात बाजूला. रसायनशास्त्रातल्या इतक्या साध्या युक्तीवर खाण चालावी, हे मला अजूनही लोभस वाटते.

सर्वांत मोठा साठा चीनमध्ये, आतल्या मंगोलियातल्या बायान ओबोला. १९२७ मध्ये तो लोहखनिज म्हणून सापडला, दुर्मीळ मृदा खनिजांची ओळख काही वर्षांनी पटली. तिथे बास्टनेसाइट आणि मोनाझाइट मिसळलेले आहेत, म्हणून प्रक्रिया वेगळी आणि थोरियमच्या कचऱ्याचा प्रश्न मोठा. सिच्वानमधले माओन्यूपिंग आणि आफ्रिकेत बुरुंडीतल्या गाकाराच्या शिरा ही आणखी दोन नावे. तुमच्या चिठ्ठीवरचा झागी या सगळ्यांहून निराळा. पेशावरनजीकच्या वारसाकजवळ अल्कधर्मी ग्रॅनाइटच्या फटींमध्ये स्फटिक मोकळ्या जागेत वाढले, म्हणून ते इतके देखणे. खाणीचा बास्टनेसाइट बहुधा असा दिसतच नाही. तो खडकात मिसळलेला, मळकट असतो.

आता आपल्या दगडांकडे वळू. नाशिक-जळगावच्या बेसाल्टमध्ये बास्टनेसाइट शोधण्यात उन्हाळे घालवू नका. बेसाल्टच्या पोकळ्यांत कार्बोनेट आहे, कॅल्साइट ढिगाने मिळतो. फ्लोरिनही अगदीच नाही असे नाही. नाशिक जिल्ह्यात महोदरीला पिवळ्या फ्लोराइटचे सुरेख गोळे निघाले आहेत, आणि ते फोटोत मधाळच दिसतात. नाही तो सेरियम, म्हणजे साठलेला सेरियम. पसरलेला सगळीकडेच असतो. भूकवचात सेरियम तांब्याच्या तोडीस तोड आहे, ‘दुर्मीळ’ हे नाव त्या अर्थाने खोटेच. पण बेसाल्टमध्ये तो पायरॉक्सिन आणि सूक्ष्म अ‍ॅपेटाइटच्या कणांत चिमूट-चिमूट वाटला गेला आहे, त्याला एकत्र आणणारे कुणी नाही. रत्नागिरीच्या काळ्या वाळूबद्दलही हेच. बेसाल्टमधून आलेला इल्मेनाइट तिथे भरपूर, मोनाझाइट नावापुरता.

मात्र नर्मदा ओलांडून पलीकडे गेलात की गोष्ट बदलते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांसमोर, गुजरातच्या छोटाउदेपूर जिल्ह्यात अंबाडोंगर आहे. दख्खनच्या लाव्ह्याशी नाते असलेले, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे, हातातल्या कड्यासारखे गोल कार्बोनेटाइट. १९६३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले प्रा. सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागाचे उदास यांनी त्याची ओळख पटवून दिली. ते नाव घेतले जाते फ्लोराइटसाठी: सुमारे १.१६ कोटी टन साठा, ३० टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम फ्लोराइड, आणि कडीपानीला त्याचा कारखाना. पण शेवटच्या टप्प्यातल्या लोहयुक्त कार्बोनेटाइटमध्ये आणि फ्लोराइटच्या शिरांलगत बास्टनेसाइट, पॅरिसाइट, सिंकिसाइट आहेत. तिथल्या कापांमध्ये गंजासारखे तपकिरी डाग दिसले की आम्ही ‘लोहाचा डाग’ म्हणून पुढे जात असू. पुढे तेच काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले. त्यात जड मूलद्रव्ये उजळ दिसतात. करड्या कॅल्साइटवर पांढरे शुभ्र कण चमकले, तिळगुळाच्या वडीतल्या तिळासारखे, काही मायक्रोमीटरचे. त्या डागांतले कितीतरी डाग लोहाचे नव्हते. तो दिवस माझ्या विद्वत्तेला फारसा मानवला नाही.

म्हणून अंबाडोंगरला गेलात तरी डोळ्यांना दिसेल असा स्फटिक मिळण्याची आशा धरू नका. खाणीत शिरायला परवानगी लागते हे वेगळेच. राजस्थानात बाडमेर-बालोतरा भागात कमठाईचे कार्बोनेटाइट आणि सिवाणाचे अल्कधर्मी ग्रॅनाइट हीही याच गोतावळ्यातली ठिकाणे. २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीत गुजरात-राजस्थानच्या कठीण खडकांत १२.९ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड असल्याचे सांगितले. किनाऱ्यांवरच्या मोनाझाइटमधले ७२.३ लाख टन. आकडे मोठे दिसतात, पण मायक्रोमीटरच्या कणांना खडकातून सोडवायचे तर खडक तितका बारीक दळावा लागतो, आणि तेवढे पीठ झाल्यावर फेसही नीट काम करीत नाही. ‘खजिना सापडला’ अशा बातम्या वाचताना मी आधी कणाचा आकार शोधतो. तो बातमीत कधीच नसतो.

किरणोत्सर्गाचा घोर मात्र सोडा. ती भीती मोनाझाइटवरून आलेली आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये ८-१० टक्के थोरियम ऑक्साइड असते, म्हणून तो अणुऊर्जा कायद्याखाली येतो आणि कुणीही उचलून विकावा असा माल नाही. बास्टनेसाइटमध्ये थोरियम सहसा टक्क्याच्याही लहानशा भागाएवढा असतो. संवेदनशील काउंटर थोडा वाजेल, एवढेच. कपाटात काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवा. उशाशी ठेवू नका, घासू नका, पूड करू नका. हाताळल्यावर हात धुवा, जसे कुठल्याही दगडानंतर धुवावेत. ती चिठ्ठी डबीच्या आत ठेवा, मागच्या बाजूला पुतण्याने तो कधी आणि कुठे घेतला ते पेन्सिलीने लिहा, कारण शाई काही वर्षांत पुसट होते. आणि आधी तो पाण्याचा आकडा काढा. स्फटिकाच्या बुडाशी क्वार्ट्झ-फेल्डस्पारचा एखादा बारीक कण किंवा एजिरिन या खनिजाची काळी काडी, म्हणजे झागीच्या ग्रॅनाइटची खूण, चिकटलेली दिसते का तेही भिंगाने पाहा. ती दिसली आणि आकडा ३.७ च्या आसपास आला, तर चिठ्ठी खरी मानायला माझी हरकत नाही.